माझ्या नणंदेने सोडलेले विषय

माझ्या धाकट्या नणंदेइतक्या शांत आवाजात घरावर वीज पाडणारं माणूस सबंध नाशिक जिल्ह्यात दुसरं नसेल. माझे सासरे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला. वीज तयार करायचं काम त्यांचं आणि ती घरात पाडायचं काम त्यांच्या लेकीचं, असं आमचे हे म्हणतात, आणि म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू नसतं. मोठी बातमी सांगायच्या आधी माणसं खाकरतात, पाणी पितात, 'तू आधी बस बरं' म्हणतात. ही तसलं काही करत नाही. ती शेंगा सोलत असते, केसांचं रबर शोधत असते, नाहीतर वरणभातावर लिंबू पिळत असते, आणि लिंबाची बी बाजूला काढता काढता त्याच सुरात सांगून टाकते. आपण 'बरं' म्हणतो. बी ताटाच्या कडेला जाते. मग तीन-चार सेकंदांनी ते वाक्य आपल्या आत पोचतं, आणि हातातला घास हातातच राहतो. 'काय म्हणालीस?' हा प्रश्न आमच्या घरात जितका विचारला गेलाय तितका कानाच्या दवाखान्यातही विचारला जात नसेल.

लग्न होऊन मी नाशिक रोडच्या या घरात आले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आमच्याकडे नणंद वयाने कितीही लहान असली तरी तिला ताई म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं, अशी रीत. निघताना माझ्या आईने ते चारदा बजावलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, दोन वेण्या घालून गॅलरीत बसलेल्या त्या मुलीला मी अदबीने विचारलं, "ताई, तुम्ही चहा घेणार की दूध?" तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं. "दूध," ती म्हणाली. "आणि मी तुम्हाला इतक्यात वहिनी म्हणणार नाही. पंधरा दिवस बघते, मग सांगते." मी कप हातात घेऊन तशीच उभी. सासुरवासाबद्दल मी बरंच ऐकून होते, पण तो अशी मुदत देऊन येतो हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या पंधरा दिवसांत मी सासूबाईंपेक्षा या पोरीला जास्त घाबरले. तिच्या वेण्या घातल्या, तिच्या वह्यांना कव्हरं घातली, तिच्या पोळीला तूप जास्त लावलं. सोळाव्या दिवशी ती शाळेतून आली, दप्तरातून अर्धा खाल्लेला पेरू काढला आणि माझ्यापुढे धरला. "वहिनी, घ्या. आणि मला तुम्ही नका म्हणू. माझ्या मागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं." तेव्हापासून मी तिला 'ताई, तू' म्हणते. ऐकणाऱ्याला ते विचित्र वाटतं, पण आमच्या घरात ते बसून गेलं.

पंधरा दिवस बघणे हा तिचा नुसता स्वभाव नाही, ती तिची राहण्याची पद्धत आहे. तबला पंधरा दिवस बघितला. पोहण्याचा क्लास पंधरा दिवस बघितला, आणि पोहायला आलं त्याच दिवशी सोडला. "आलं की," ती म्हणाली, जणू बस आली होती. चहा तिने पंधरा दिवस प्यायला आणि 'यात विशेष काही नाही' असा निकाल दिला. आमच्या सासूबाई, ज्यांना चहा मिळाला नाही तर घर डोक्यावर घेतात, त्यांना हा निकाल आपल्यावरच दिल्यासारखा लागला. आठवीत तिला संस्कृत होतं. चाचणीत पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. एके दिवशी भाजी निवडताना म्हणाली, "वहिनी, गवारीच्या शिरा नीट निघत नाहीत. मी संस्कृत सोडलं." मी म्हटलं, "दोन्ही टोकांनी ओढ." आणि मग माझी सुरी थांबली. संस्कृत हे मार्कांचं झाड आहे हे कॉलनीतल्या प्रत्येक आईला पाठ आहे. लोक मुलांना त्यात घालायला धडपडतात. माझे सासरे, आप्पा, ड्यूटीवरून आले, त्यांनी ते ऐकलं आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. "का सोडलं गं?" तर ही म्हणते, "वर्गात सगळे मार्कांसाठीच घेतात. मी शिकले तर बोलू कुणाशी?" आप्पा वाकून बूट काढायला लागले. तिच्या प्रश्नांचं हेच आहे. त्यावर रागावता येतं, उत्तर देता येत नाही.

पण तो काळ बरा होता, असं पुढे आम्हाला कळायचं होतं. दहावीला तिला त्र्याण्णव टक्के पडले. आप्पांनी एकलहऱ्याला सगळ्या विभागांत पेढे वाटले, आणि पेढ्याबरोबर एक वाक्यही वाटलं: "इंजिनिअर होऊन इथंच येईल बघा." आप्पांची सगळी नोकरी कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांवर गेली. घरी आले की त्यांच्या कानाच्या पाळीमागे काळी रेघ असते, ती कितीही घासली तरी जात नाही. कंट्रोल रूम नावाची एक थंडगार, काचेची खोली तिथे आहे, आणि तिच्यात बसणाऱ्या इंजिनिअरांबद्दल ते देवळातल्या मूर्तीबद्दल बोलावं तसं बोलतात. त्या काचेआड आपली मुलगी बसलेली त्यांना दिसत होती. त्यामुळे अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरताना घरात चर्चा झालीच नाही. सायन्स. गणितही आणि बायोही. "दोन्ही दारं उघडी राहू देत," आमचे हे म्हणाले. ताईने मान डोलावली. ती नुसती डोलावली होती, होकार दिला नव्हता, हा फरक आम्हाला पंधरा दिवसांनी समजला.

सोळाव्या दिवशी तिने माझ्यापुढे एक कागद ठेवला. मी कणीक मळत होते. "वहिनी, इथं सही करा, पालक म्हणून. आप्पा सेकंड शिफ्टला आहेत." कॉलेजची सहल असावी, असं समजून मी बोटांचं पीठ पुसलं आणि सही ठोकली. रात्री आप्पा शिफ्टवरून आल्यावर तिने जाहीर केलं की तिने बायो सोडलं, आणि पालकांची त्याला संमती आहे. सगळं घर माझ्याकडे वळलं. "सूनबाई, तू सही केली?" आप्पांनी विचारलं. एका सहीत मी या घरातलं डॉक्टरचं दार बंद करून टाकलं होतं, तेही पिठाच्या हाताने. सासूबाई म्हणाल्या, "वाचायचं तरी!" ते बरोबर होतं, म्हणून मी तो अर्ज नंतर वाचला. 'विषय बदलाचे कारण' असा एक रकाना असतो. बाकीची मुलं तिथे 'वैयक्तिक' लिहून मोकळी होतात. हिने आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'झुरळाविषयी मला आता पुरेसे कळले आहे.' अकरावीच्या पुस्तकात झुरळाचा एक मोठा धडा असतो, असं ती म्हणाली, आणि तो तिने सगळ्यात आधी वाचून काढला होता.

बायोच्या जागी इलेक्ट्रॉनिक्स आलं. आप्पा पटकन सावरले. "हे तर आणखी बरं, आपल्या लाइनचं," ते म्हणाले. त्यांनी तिला एक जुना टेस्टरही आणून दिला. तो तिने सांभाळून ठेवला, पण विषय काही सांभाळला नाही. महिन्याच्या आत इलेक्ट्रॉनिक्स गेलं. कारण: 'प्रॅक्टिकलला सहा मुलांत एक सर्किट आहे. माझा नंबर सहावा येतो, आणि तोपर्यंत दिवा लागलेला असतो.' त्या जागी तिने भूगोल घेतला. सायन्सला भूगोल घेता येतो हे ऐकून आमचे हे सोफ्यावरून उठलेच. "सायन्सला भूगोल कोण घेतं?" ताई म्हणाली, "मी धरून तिघं." आप्पांनी बोटांवर मोजलं: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. तिन्ही शाबूत होते. "ठीक आहे," ते म्हणाले, "इंजिनिअरिंगला हे तीनच लागतात." आणि दोन वेळा तेच म्हणाले. मला तेव्हा त्यांच्याकडे बघवलं नाही.

मग दिवाळीच्या सुट्टीआधी तो दिवस आला. रविवार होता, दुपारी सगळे जेवायला एकत्र होतो. कॉलेजबरोबर तिला प्रवेश परीक्षेचा क्लासही लावला होता, तिथून ती नुकतीच आली होती. हात धुऊन बसली. लिंबू घेतलं. मी लिंबाकडे पाहिलं आणि हातातला डाव खाली ठेवला. "आई, कोशिंबीर छान झालीय," ती म्हणाली. "मी गणित सोडतेय."

यावेळी कुणालाच तीन-चार सेकंद लागले नाहीत. सासूबाईंच्या हातातली वाटी ताटात पडली. आमचे हे "वेडी झालीस का?" म्हणून ओरडले. आप्पांनी हात पुढे केला, तिने मुकाट्याने अर्ज दिला. त्यांनी चष्मा लावून रकाना मोठ्याने वाचला: "'गणित आवडते म्हणून.'" मग त्यांनी तो पुन्हा वाचला, मनात. "आवडतं म्हणून सोडतेस?" "हो." "अगं, आवडतं ते माणूस धरतं का सोडतं?" भातावरचं लिंबू तसंच राहिलं.

आणि त्या वेळी सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा लागला असेल, तर माझा. या घरात पाच वर्षांत मी आवाज चढवला नव्हता. मी उभी राहिले. "तुला ठाऊक आहे का गं, एकेक विषय मिळायला माणसाला काय लागतं?" मी म्हणाले. "तू असे सोडतेस, जशा चपला सोडाव्यात!" मला रडू यायला लागलं आणि त्याचाच मला जास्त राग आला. माझं माहेर हरसूलच्या अलीकडे, डोंगरातलं. दहावीला मला गणितात शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी होते, सबंध शाळेत जास्त. जवळच्या ज्युनियर कॉलेजात फक्त आर्ट्स होतं. वडील म्हणाले, "नाशिकला कुठं ऱ्हाशील तू? हाय ते घे. शिकतीस हेच लय हाय." मी प्रवेशाच्या खिडकीवर विचारलं होतं, गणित मिळेल का म्हणून. आतले बाबा न बघताच म्हणाले, "आर्ट्सला गणित नसतं, बाई." झालं. आमच्याकडे विषय निवडायचे नसत, समोर असतील ते घ्यायचे असत. हे सगळं मी त्या जेवणाच्या ताटांसमोर बोलून गेले. आमच्या ह्यांनासुद्धा ते ठाऊक नव्हतं. कधी निघालंच नव्हतं बोलण्यात. बोलून झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच स्वच्छ ओटा पुन्हा पुसत राहिले.

ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, दुखावली. तिसऱ्या दिवशी दुपारी ओट्याशी येऊन उभी राहिली. "वहिनी, एक विचारू? तुमच्याकडे गणित शिकवायला सर नव्हते म्हणून नाही म्हणाले, का आर्ट्सला नसतंच असं म्हणाले?" मी म्हटलं, "आता त्याचं काय? नसतंच म्हणाले." तिने पाठीमागचा हात पुढे केला. तिच्या हातात तिचं गणिताचं पुस्तक होतं, तेच, जे ती रोज सायन्सच्या वर्गात नेत होती. "कव्हर वाचा." मी वाचलं. मॅथेमॅटिक्स अँड स्टॅटिस्टिक्स. आणि खाली, कंसात, लहान अक्षरांत: आर्ट्स अँड सायन्स.

मी ते परत वाचलं. मला वाटलं आपल्याला इंग्रजी नीट वाचता येत नाहीये. मग मी तिथेच, गव्हाच्या डब्यावर बसले. इतकी वर्षं ते पुस्तक दुकानादुकानांत होतं, मुलांच्या दप्तरांत होतं, गेले तीन महिने माझ्याच घरातल्या टेबलावर होतं, मी त्याच्यावरची धूळ पुसत होते. "म्हणजे घेता आलं असतं?" मी विचारलं. "शिकवायला कुणी मिळालं असतं का, ते मला नाही सांगता येणार," ताई म्हणाली. ती कधी खोटा दिलासा देत नाही. "पण नसतंच असं म्हणाले, ते चूक होतं, वहिनी. मी काल कॉलेजच्या ऑफिसात विचारून आले." तिने गॅस बारीक केला, कारण माझं दूध उतू चाललं होतं. मग ती माझ्याशेजारी फरशीवर बसली आणि पहिल्यांदाच, कुणी न विचारता, आपल्या मनातलं लांबलचक बोलली. क्लासमध्ये गणित नसतं, म्हणाली, नुसतं उत्तर असतं. हे कुठून आलं असं विचारलं की सर म्हणतात, चारांतलं एक आहे, खूण कर आणि पुढे हो. चार महिन्यांपूर्वी तिला एखादं उदाहरण सुटलं की रिक्षात बसूनसुद्धा हसू यायचं. आता गणिताच्या नावाने पोटात दुखतं. "ते पार नावडतं व्हायच्या आधी सोडावं म्हटलं. पण तुम्ही त्या दिवशी बोललात तेव्हा कळलं, मला गणित नको नाहीये. मला त्याच्यामागून येणारं इंजिनिअरिंग नकोय." मी विचारलं, "मग?" ती म्हणाली, "मी आर्ट्सला जाते. गणित घेऊन."

मला त्या दिवशी धक्के बसून बसून हसूच आलं. पण हा बेत कॉलेजात नेला, तेव्हा धक्का बसायची पाळी दुसऱ्यांची होती. मी बरोबर गेले होते. उपप्राचार्य सर भले गृहस्थ, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी अर्ज वाचला आणि माझ्याकडे पाहिलं, जणू घरात मोठं माणूस मीच असेन तर मी काय करत होते. "बाळ," ते ताईला म्हणाले, "आर्ट्सला मुलं गणित सोडायला येतात. तू घ्यायला चाललीस?" ताईने पुस्तक टेबलावर ठेवलं. सरांनी चष्मा वर केला, पुस्तक जवळ घेतलं, लांब धरलं. "सर, बघा ना," ती म्हणाली, "नाव आर्ट्सचं आधी आहे." सरांनी कंसातल्या ओळीवरून बोट फिरवलं. "इतकी वर्षं मी हे शिकवतो," ते शेवटी म्हणाले, "आणि आत्ता वाचलं." मग त्यांनी अडचणी सांगायला सुरुवात केली: एकट्या मुलीसाठी तुकडी निघत नाही, गणिताचा तास आणि इतिहासाचा तास एकाच वेळी येतो, इमारती दोन. तिने वहीतून आखलेलं वेळापत्रक काढलं. गणितापुरतं सायन्सच्या वर्गात बसेन, इतिहासाऐवजी समाजशास्त्र घेईन, मधल्या सुट्टीत इमारत बदलेन. सर म्हणाले, "आणि डबा कधी खाशील?" तिने ते मांडलं नव्हतं. ती पहिल्यांदाच गोंधळली, आणि सर हसले. "वडिलांची सही आण," ते म्हणाले. "वहिनींची चालणार नाही. शाखा बदलायची तर वडीलच लागतात."

इथे गाडी अडली. आप्पा तिच्याशी बोलणं बंद करून बसले होते. माझ्यामार्फत बोलायचे. ती समोर बसलेली असताना मला म्हणायचे, "सूनबाई, तिला सांग नळाला पाणी आलंय." ती म्हणायची, "वहिनी, आप्पांना सांगा, बादली लावली." मी मधल्यामध्ये उभी, दोन्ही निरोप दोघांनीही ऐकलेले. आठवडाभराने एका संध्याकाळी आप्पा फुटले. "मी जन्मभर बाहेर धुळीत राहिलो," ते एकदम, थेट तिलाच म्हणाले. "म्हटलं, माझी पोरगी आत बसेल. काचेआड. मी बाहेरून जाता-येता बघेन." ताईने सावकाश मान वर केली. "आप्पा, मी शिकून तिथं येईपर्यंत तुम्ही रिटायर झालेले असाल. काचेतून मला कोण दिसलं असतं?" हे ऐकून मी अक्षरशः डोळे मिटून घेतले. सासूबाई "अगं, गप!" म्हणाल्या. पण आप्पा रागावले नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला, जसा हिशेब मांडताना एक आकडा धरायचा राहून गेल्यावर होतो. ते अर्ज घेऊन गॅलरीत गेले. त्यात कारणाच्या रकान्यात तिने जे लिहिलं होतं ते मला पाठ आहे: 'मला गणित हवे आहे, म्हणून मी कला शाखेत जात आहे. यामुळे वडिलांना वाईट वाटेल. त्यासाठी अर्जात वेगळा रकाना नाही, म्हणून इथेच लिहीत आहे.' आप्पा बराच वेळ बाहेर होते. आत आले तेव्हा अर्जावर सही होती, आणि ती पहिल्या झटक्यात नीट आली नसावी, कारण खाली तीच पुन्हा केलेली होती.

पुढचं दीड वर्ष ती दोन इमारतींमध्ये पळत राहिली. सायन्सची मुलं तिला 'ए आर्ट्स' म्हणायची, आर्ट्सच्या मुली 'आमची सायन्सवाली' म्हणायच्या. क्लास सुटला होता, त्यामुळे तिचा क्लास मीच झाले. रोज दुपारी ती ओट्याशी बसून त्या दिवशीचं उदाहरण मला समजावायची. मला शिकवायला नव्हे, आपल्याला कळलंय का ते तपासायला, हे तिने आधीच स्पष्ट केलं होतं. मी पहिले काही दिवस नुसती मान हलवायचे. तिने ते पकडलं. "वहिनी, नुसती मान नका हलवू, अडवा मला." मग मी अडवायला लागले. एकदा मी चुकून म्हणाले, "अगं, तिथे उणे हवं ना?" तिने वही पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि धावत जाऊन सासूबाईंना सांगून आली की वहिनींनी माझी चूक काढली. सासूबाईंना वाटलं आमचं भांडण झालं. ते उणे मी कसं ओळखलं, हे मलाही सांगता येणार नाही. त्या दिवशी माझ्या पोळ्या मात्र एकामागून एक टम्म फुगल्या, एवढं आठवतं.

बारावीला तिला गणितात एक्याऐंशी पडले. पहिली नाही आली, दुसरीही नाही. आप्पांनी पेढे आणले, पण कामावर नेले नाहीत, शेजारीपाजारी दिले, आणि 'पुढे काय?' म्हणून कुणी विचारलं तर 'तिला विचारा' म्हणाले. तिला पुण्याला गणित घेऊनच बी.ए. करायचं होतं. तेही तिने चिवडा खाताना सांगितलं, पण या वेळी कुणाच्या हातून काही पडलं नाही. गेल्या दीड वर्षात तिने एकही विषय सोडला नाही, त्यामुळे सासूबाई मात्र काळजीत असायच्या. "बरी आहे ना गं ही?" असं मला हळूच विचारायच्या.

तिला पुण्याच्या बसमध्ये बसवायला मी आणि आप्पा गेलो होतो. तिने खिडकीतून मला तीन सूचना दिल्या, आप्पांना एकही नाही. त्यांच्याकडे नुसती बघत राहिली, तेही तिच्याकडे. बस वळली, सिन्नर फाट्याच्या बाजूला दिसेनाशी झाली, तरी आम्ही उभे. मी म्हटलं, "आप्पा, रिक्षा करायची?" "चालू थोडं," ते म्हणाले. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, "सूनबाई, तुला कळलं का, तिला शेवटी काय व्हायचंय?" मी खरं सांगितलं, "नाही कळलं." "मलाही नाही," ते म्हणाले. "पण काय नको ते पोरीला लवकर कळलं. कळलं आणि बोलली." मग रस्ता ओलांडायला थांबलो असताना, समोरच्या गाड्यांकडे बघत आप्पा म्हणाले, "मी ड्रॉइंग सोडलं होतं. नववीत. एलिमेंटरीला ए ग्रेड होती मला. इंटरमिजिएटचा फॉर्मच नाही भरला. टेक्निकल घ्यायचं होतं ना."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. सात वर्षांत या माणसाच्या हातात मी पेन्सिल पाहिली ती फक्त गॅस सिलिंडरची तारीख लिहायला. "कुणी अडवलं नाही?" मी विचारलं. "विचारलंच नाही कुणी," आप्पा म्हणाले. "मीही नाही." रस्ता मोकळा झाला होता, पण आम्ही दोघांनीही पुढे पाऊल टाकलं नाही. "कसली चित्रं काढायचा, आप्पा?" ते आठवू लागले. खरंच आठवू लागले, कपाळाला आठ्या घालून, जसं घरात कुठे काय ठेवलं ते आठवतात. पलीकडून रिक्षावाल्याने विचारलं, येताय का, तरी त्यांचं आठवणं चाललंच होतं. मग त्यांनी हळूच मान हलवली. "नाही गं," ते म्हणाले. "आता नाही आठवत."